कशावरून?

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला, लोणार आमच्या गावाहून एसटीनं तासाभरावर. सध्या पुण्यात नोकरी करतो, वय ३९. १९९६ साली, मी प्राथमिक शाळेत असताना, वडिलांनी त्यांच्या वाटणीची चार एकर जमीन मोठ्या काकांच्या नावे करून दिली. आई म्हणते, वडील तापानं फणफणलेले होते आणि काकांनी कोऱ्या कागदावर सही घेतली. काका म्हणतात, त्यानं राजीखुशीनं दिली, सोसायटीचं कर्ज मी फेडलं होतं. आत्या म्हणते, त्याला शेती नकोच होती. वडील २०१९ मध्ये गेले. हा विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही विचारला नाही.

मागच्या वर्षी एका लग्नात काकांच्या मुलाशी बोलणं झालं. तो म्हणाला, "आंधळे आणि हत्तीची गोष्ट माहीत आहे ना? ज्याचं त्याचं सत्य असतं. सोडून दे." तेव्हापासून मी बरंच वाचलं. सत्य माणसाला कळूच शकत नाही, असं म्हणणारे मोठमोठे लोक आहेत. मला ते पटतंही आणि रात्री झोपही लागत नाही. काका आजारी आहेत, भेटायला बोलावतात. जाववत नाही. माणसाला सत्य कळतं का, ताई? की खरंच ज्याचं त्याचं असतं?

उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न हजारो वर्षं जुना आहे आणि त्याच्या आत एक दुसरा प्रश्न आहे तो १९९६ सालचा. दोन्हींची उत्तरं देते. वेगवेगळी द्यायची म्हटली तरी ती एकमेकांत शिरतील.

मी एकतीस वर्षं न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलायचा, न्यायाधीश त्याचं बोलणं नीट वाक्यात सांगायचे आणि मी ते टाइप करायचे. एकाच बांधाबद्दल, एकाच भांडणाबद्दल, एकाच रात्रीबद्दल चार माणसं चार गोष्टी सांगताना मी रोज ऐकल्या. त्यामुळे "ज्याचं त्याचं सत्य" हे वाक्य माझ्याइतकं सहज कुणी म्हणू शकणार नाही. तरी मी ते म्हणत नाही. का, ते सांगते.

आधी तुमच्या चुलतभावाचा हत्ती. ही गोष्ट बौद्धांकडेही आहे आणि जैनांकडेही, पण तुमच्या भावानं तिच्यातून जे काढलं ते तिच्यात नाही. त्या गोष्टीत हत्ती आहे. तो सगळ्यांसमोर एकच आहे. पायाला हात लावणाऱ्याला खांब वाटला, कारण हत्तीचा पाय खरोखरच खांबासारखा असतो. त्याच्या हाताखाली मांजर असतं तर त्याला खांब वाटला नसता. म्हणजे त्या प्रत्येकाला काहीतरी खरंच कळलेलं होतं. चूक झाली ती एका अक्षरात. तो म्हणाला, "हत्ती खांबासारखा*च* आहे."

आपल्या व्याकरणात 'च' हे इवलंसं शब्दयोगी अव्यय. पण घराघरांतली निम्मी भांडणं त्यावर उभी असतात. जैन विचारवंतांनी हे फार पूर्वी ओळखलं. त्यांच्या स्याद्वादातल्या 'स्यात्' या शब्दाचा अर्थ पुष्कळजण 'कदाचित' असा करतात आणि मग अनेकान्त, म्हणजे वस्तूला अनेक बाजू असतात हा जैन विचार, म्हणजे सगळंच अधांतरी, असं समजून चालतात. 'स्यात्' म्हणजे 'एका अपेक्षेनं', 'या बाजूनं पाहिलं तर'. तो शब्द विधान पातळ करायला नाही, नेमकं करायला आहे. "पायापुरतं बोलायचं तर हत्ती खांबासारखा आहे" हे वाक्य पूर्ण खरं आहे आणि हत्तीच्या सोंडेनं ते खोटं पडत नाही. आणि त्या आंधळ्यांपैकी कुणी म्हणाला असता की हत्तीला पिसं आहेत, तर ते काही 'त्याचं सत्य' झालं नसतं. ती चूक झाली असती.

आता तुमच्या घरातली तीन सांगणी शेजारी शेजारी ठेवा. वडिलांना ताप होता. काकांनी कर्ज फेडलं. वडिलांना शेती नको होती. ही तिन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, अगदी एकाच दिवशी. माणूस तापात असतो, कर्जात असतो आणि शेतीला विटलेलाही असतो. तुम्ही इतकी वर्षं ज्याला तीन वेगवेगळी सत्यं समजत आलात त्यातला बराचसा भाग एकमेकांच्या आड येतच नाही. आड येतात ते फक्त दोन शब्द: 'कोऱ्या कागदावर' आणि 'राजीखुशीनं'. गाठ तेवढीच आहे. सगळा दोर गुंतलेला नाही.

न्यायालयात मी एक गोष्ट शिकले, ती कुठल्याही तत्त्वज्ञानाइतकी मोलाची वाटते. १८७२ चा पुरावा कायदा १ जुलै २०२४ पासून गेला, त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पण एक व्याख्या जुन्यातून नव्यात जशीच्या तशी आली. एखादी गोष्ट 'शाबीत' झाली असं कधी म्हणायचं? समोर आलेलं सगळं पाहून न्यायालयाला ती घडली असं वाटतं तेव्हा, किंवा ती घडली हे धरून एखादा शहाणा माणूस आपला व्यवहार करील इतकी ती संभवनीय वाटते तेव्हा. किती नम्र व्याख्या आहे पाहा. देवाला जसं दिसतं तसं दिसलं पाहिजे, अशी अटच नाही. आणि तिच्या शेजारी आणखी दोन कप्पे आहेत. एक 'नाशाबीत', म्हणजे ही गोष्ट घडलेली नाही असं ठरलं. दुसरा 'शाबीत न झालेली', म्हणजे घडली असंही ठरलं नाही, घडली नाही असंही ठरलं नाही.

हा तिसरा कप्पा फार महत्त्वाचा. माणसाला सत्य कळतच नाही असं म्हणणारा माणूस सगळं जग या तिसऱ्या कप्प्यात कोंबतो. आणि आपल्यालाच कळलंय असं म्हणणारा तो कप्पा काढूनच टाकतो. दोघांचेही कष्ट वाचतात.

एक साक्ष मला अजून अक्षरशः आठवते. बांधावरचं कडुनिंबाचं झाड कुणी तोडलं आणि कधी तोडलं, असा दावा होता. एक साक्षीदार शिकलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्यानं तारीख, वार, वेळ सगळं धडाधड सांगितलं. वकिलांनी विचारलं, "कशावरून सांगता?" तो म्हणाला, "मला पक्कं आठवतंय." पुन्हा विचारलं, तरी तेच. मग एक म्हातारा गुराखी आला. त्याला तारीख येईना. म्हणाला, "पोळ्याच्या आधी तोडलं." कशावरून? "पोळ्याला बैल धुवून त्या झाडाखाली उभे करतो. त्या साली सावलीच नव्हती. बैल उन्हात उभे होते, शिंगांचा रंग ओघळत होता, मी सारखं पाणी मारत होतो अंगावर." न्यायाधीश मला सांगता सांगता क्षणभर थांबले, हे मला आठवतं. निकालात त्यांनी त्या गुराख्यावर भिस्त ठेवली.

दोघांनाही 'आठवत' होतं. पण एकाची आठवण हवेत तरंगत होती आणि दुसऱ्याची एका खुंटीला टांगलेली होती. ती खुंटी दुसऱ्या कुणालाही जाऊन पाहता येत होती: त्या साली पोळ्याला ऊन होतं का, बैल कुठे उभे होते, आणखी कुणी पाहिले. 'कशावरून?' हा शब्द आपण भांडताना वापरतो, उर्मटपणे. मी तो जगातल्या सर्वांत सभ्य शब्दांपैकी एक मानते. समोरच्याला आपण खोटारडा म्हणत नाही. तुमची आठवण कोणत्या खुंटीला आहे, एवढंच विचारतो.

इथे एक काळजी घ्या. खुंटी नसलेली आठवण सांगणारा माणूस खोटं बोलतो असं मानू नका. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर लगेचच फुटलं. दुसऱ्याच दिवशी उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञानं अटलांटातल्या एमरी विद्यापीठात विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कुणी सांगितलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांच्यातल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. ११ जणांच्या उत्तरातली एकही मुख्य गोष्ट त्यांच्या स्वतःच्या आधीच्या लिहिण्याशी जुळली नाही. तरी सांगताना खात्री मात्र पुरेपूर होती. त्यांच्या हातचा जुना कागद समोर ठेवला तरी काहींना आताची आठवणच खरी वाटत राहिली. ही तरणीताठी मुलं, अडीच वर्षांचं अंतर, आणि कुणाचा स्वार्थ गुंतलेला नाही. तुमच्या घरात तीस वर्षांचं अंतर आहे, चार एकर जमीन आहे आणि मनाला लागलेली जखम आहे. आठवण दर वेळी बाहेर काढताना माणूस तिला थोडी नव्यानं शिवतो. तुमची आई 'कोरा कागद' म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नाही, असं मी धरून चालेन. काका 'राजीखुशीनं' म्हणतात तेव्हाही. खोटं बोलणं वेगळं आणि सांगितलेलं खोटं निघणं वेगळं. हा फरक मनात ठेवून गावी गेलात तर कुणाच्याही डोळ्यांत डोळे घालून बसता येईल.

आता तुमचा मोठा प्रश्न. माणसाची आठवण इतकी कच्ची, डोळे इतके अपुरे, तर त्याला काही कळतं म्हणण्यात काय अर्थ? त्यासाठी फार लांब जायला नको. तुमच्या तासाभरावर लोणार आहे. शाळेची सहल गेली असेलच. काठावर उभं राहिलं की समोर जवळजवळ अठराशे मीटर रुंदीचा गोल खड्डा, तळाशी खारं हिरवट पाणी आणि नाकाला झोंबणारा वास. तो खड्डा कसा झाला, याची पहिली उत्तरं कथेतली: लवणासुर तिथे राहत होता आणि विष्णूनं त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदनाचं सुंदर मंदिर त्याच कथेचं. मग भूशास्त्र आलं. त्यांचं उत्तर होतं, ज्वालामुखीचं तोंड. ते उत्तर मूर्खपणाचं नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. सगळं दख्खन लाव्हाचं, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा कातळ. अशा प्रदेशात गोल खड्डा दिसला तर कुणीही शहाणा माणूस ज्वालामुखीच म्हणेल. पुष्कळ काळ तसंच म्हटलं गेलं.

मग तळाला भोकं पाडून खालचे खडक वर काढले गेले. त्यात मास्केलिनाइट नावाची काच सापडली. फेल्डस्पार या खनिजावर एका क्षणात प्रचंड दाबाचा आघात झाला तरच ती बनते. ज्वालामुखीत उष्णता असते, पण तसा आघात नसतो. १९७३ साली हे प्रसिद्ध झालं आणि प्रश्न मिटला: वरून काहीतरी येऊन आदळलं होतं. कुणाला स्वप्नात दिसलं म्हणून हे ठरलं नाही, मतदान घेऊनही ठरलं नाही. त्या एका काचेला ज्वालामुखीच्या गोष्टीत बसायला जागाच नव्हती, म्हणून ठरलं.

यात माझ्या सगळ्यात जवळचा भाग पुढचा आहे. कधी आदळलं? एका पद्धतीनं मोजलं तर सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी. नंतर अरगॉन वायूच्या समस्थानिकांवरून मोजलं, तर सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी. दहापटीहून जास्त फरक! यातलं नंतरचं मोजमाप जास्त भरवशाचं मानणारे पुष्कळ आहेत. पण वयाबद्दल एकमत नाही म्हणून उल्का पडली हेही अनिश्चित झालं का? नाही झालं. एकाच खड्ड्याबद्दलची एक गोष्ट शाबीत कप्प्यात आहे, ज्वालामुखी नाशाबीत कप्प्यात गेला आहे आणि वय अजून तिसऱ्या कप्प्यात हलतं आहे. सत्य असं तुकड्यातुकड्यानं हाती येतं. सगळा हत्ती कुणाच्याही मिठीत मावत नाही, पण सोंड ही सोंड आहे हे नक्की करता येतं आणि पिसं नाहीत हेही.

जून २०२० मध्ये त्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तुम्हाला आठवत असेल. कुणी शैवाल म्हटलं, कुणी अपशकुन म्हटलं. पुण्याच्या आघारकर संस्थेत नमुने तपासले गेले. खारटपणा वाढल्यामुळे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले होते, गुलाबी रंग त्यांचा होता. ते जीव तळाशी बसले तसं वरचं पाणी नितळ झालं. ही घटना वाचली तेव्हा मला फार आनंद झाला होता. रंग डोळ्यांना दिसत होता तो खराच होता, पण तो पाण्याचा नव्हता.

तुम्ही वाचलेल्या मोठ्या लोकांचा एक आक्षेप मात्र बाजूला सारता येत नाही. ज्या साधनानं आपण सत्य मोजतो, ती आपली इंद्रियं, आपला तर्क, आपली यंत्रं, ती बरोबर आहेत हे कशानं ठरवायचं? नागार्जुन या प्राचीन बौद्ध तत्त्वज्ञानं नेमका हाच पेच टाकला होता: प्रमाणाला प्रमाण काय? न्यायदर्शन या आपल्याकडच्या जुन्या तर्कपरंपरेतलं उत्तर मला आठवडी बाजाराइतकं ओळखीचं वाटतं. ते म्हणतात, तराजूसारखं. तराजू सोनं मोजतो. पण तराजूवरच शंका आली तर माहीत असलेल्या वजनाचं सोनं टाकून तोच तराजू तपासता येतो. एका वेळी तो मोजणारा असतो, दुसऱ्या वेळी मोजला जाणारा. भाजीवाल्याच्या किलोच्या वजनावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो. त्यांचं वजन आणखी वरच्या वजनाशी ताडलेलं असतं. आणि अगदी वर, पॅरिसजवळ काचेच्या झाकणाखाली ठेवलेला धातूचा तो मूळ किलोग्राम? त्याच्या जुळ्या प्रतींशी ताडल्यावर शंभर वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रामचा फरक दिसला. मग २० मे २०१९ पासून किलोची व्याख्याच बदलली, ती आता निसर्गातल्या एका स्थिर राशीवर बसवली आहे. कधीच तपासावं लागणार नाही असं वजन माणसाकडे नाही. पण तपासता येणार नाही असंही एकही नाही. मला एवढ्यावर जगता येतं. तुम्हालाही येईल असं वाटतं.

आता १९९६ साल.

तुम्ही पत्रात जे एकदाही लिहिलं नाही ते आधी विचारते. तो कागद तुम्ही पाहिला आहे का? आई सांगते, काका सांगतात, आत्या सांगते, चुलतभाऊ सांगतो. कागदाचा उल्लेख आहे, पण कागद कुणी पाहिल्याचा नाही. दोन शक्यता आहेत. नोंदवलेलं हक्कसोडपत्र झालं असेल, तर ते दुय्यम निबंधकासमोर झालं. वडील स्वतः तिथे गेले, त्यांनी अंगठा उठवला, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. तसं असेल तर निव्वळ कोऱ्या कागदावर सही घेतली, ही गोष्ट टिकणं कठीण. ताप असू शकेल, दडपण असू शकेल, पण ते वेगळं म्हणणं आहे आणि वेगळं तपासायचं आहे. दुसरी शक्यता, नोंदणी झालीच नाही. तलाठ्याकडे वर्दी आणि जबाब दिला आणि त्यावर फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, धरला गेला. तसं असेल तर आईच्या सांगण्याला बळ येतं. म्हणजे तुमची झोप उडवणाऱ्या प्रश्नाचा अर्धा भाग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात एका दुपारचा आहे. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक गोलात लिहिलेला असतो. तो घेऊन त्या फेरफाराची नक्कल मागा. गाव नमुना सहाच्या त्या नोंदीत व्यवहार कशाच्या आधारे झाला, कोणत्या तारखेला आणि मंडळ अधिकाऱ्यानं कधी मंजूर केला, हे असतं. दस्त नोंदवलेला असेल तर निबंधकाकडे सूची क्रमांक दोन आणि दस्ताची नक्कल मिळते.

काकांचं कर्जाचं म्हणणंही तपासता येईल. सोसायटीचं कर्ज असेल तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्कात' बोजा चढवलेला असणार आणि फिटल्यावर तो कमी केल्याचा स्वतंत्र फेरफार असणार. त्याची तारीख पाहा. जमीन नावावर झाली त्याच्या आगेमागेच बोजा उतरला असेल, तर काकांच्या आठवणीला खुंटी मिळाली. पैसे कुणाच्या खिशातले, हे त्या कागदावर नसतं. तेवढंच कळलं असं म्हणा, त्याहून जास्त नको. जमीन परत मिळेल का, हा मुदतीच्या कायद्याचा प्रश्न आहे, तो वकिलांना विचारा. तुम्ही मला तो विचारलेलाही नाही. मला ते आवडलं.

कागद पाहण्याआधी मात्र एक करा. आईजवळ बसून तिचं सांगणं तिच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या. "काकांनी फसवलं ना?" असं विचारू नका. साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालणारा प्रश्न आपल्याच पक्षाच्या वकिलाला विचारू देत नाहीत, त्याला कारण आहे. त्या दिवशी पाऊस होता का, बाबा घरून कोणत्या गाडीनं गेले, बरोबर कोण होतं, परत आले तेव्हा काय जेवले, तुला केव्हा कळलं आणि कुणी सांगितलं, हे विचारा. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण 'कोरा कागद' हे आईनं स्वतः पाहिलं की तिला कुणी सांगितलं, हे तिलाही आज वेगळं करता येत नसेल. ऐकीव साक्ष न्यायालय सहसा घेत नाही ती ऐकणाऱ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. ज्यानं पाहिलं त्याला 'कशावरून' विचारायची सोय राहत नाही, म्हणून. आणि हे सगळं लिहिताना तिचा हात धरून बसा. तिचं ऐकणं आणि तिचं म्हणणं मान्य करणं या दोन गोष्टी आहेत. पहिली तिला तीस वर्षांत कुणी दिलेली दिसत नाही.

इतकं केल्यावरही एक तुकडा उरेल. सही कुणाची, कधीची, कुणासमोर, हे कागद सांगेल. सही करताना तुमच्या वडिलांच्या पोटात काय कालवत होतं, ते कागदावर उमटत नाही. भावावरचं प्रेम होतं, कर्जाची लाज होती, कंटाळा होता की यातलं सगळंच थोडं थोडं? त्यांचं त्यांनाही ते एका शब्दात सांगता आलं नसेल, म्हणून कदाचित ते गप्प राहिले. हे मी माझ्या मनानं म्हणते आहे, माझ्याकडे त्याला खुंटी नाही. तो तुकडा तिसऱ्या कप्प्यात ठेवावा लागेल. थकून जाऊन त्याला पहिल्या किंवा दुसऱ्या कप्प्यात ढकलू नका, काकांवरच्या रागापोटी नको आणि आजारी माणसाची दया आली म्हणूनही नको.

आणि आता ते 'जाववत नाही'. भाऊ, रागावू नका. "ज्याचं त्याचं सत्य" हे वाक्य तुमच्या घरात दोघांच्या सोयीचं आहे. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांच्या सोयीचं, हे तुम्हाला दिसलंच असेल. ते तुमच्याही सोयीचं आहे. सत्य कळतच नसेल तर विचारायला जायला नको. विचारायला गेलं तर काका वाईट निघण्याची भीती आहे, आणि त्याहून मोठी भीती, ते वाईट न निघण्याची. मग आईला काय सांगायचं? मला वाटतं तुमची झोप याच भीतीनं उडाली आहे, नागार्जुनानं नाही. पत्रातल्या चार ओळींवरून मी हे बोलते आहे. चुकत असेन तर तसं लिहा.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली पुण्यात आपली संस्था काढली तेव्हा तिला सत्यशोधक समाज म्हटलं. शोधक हा शब्द मला कायम धीर देत आला. सत्य आपल्या खिशात आहे असं त्यात कुणी म्हटलेलं नाही आणि शोधण्यात अर्थ नाही असंही म्हटलेलं नाही.

काका आजारी आहेत, तेव्हा फार थांबू नका. दस्त नोंदवलेला असेल तर नकलेच्या शेवटच्या पानावर दोन साक्षीदारांची नावं असतील. त्यातलं एक जरी हयात असेल तर आधी त्यांच्याकडे जा, मग काकांकडे. काकांकडे जाताना नक्कल पिशवीतच ठेवा. पहिल्या भेटीत जमिनीचं विचारू नका. बाबा लहानपणी कसे होते, दोघं भाऊ शाळेत कसे जायचे, शेतात पहिली मोट की पंप कुणी चालवला, हे विचारा. त्या दिवसांचं सांगता सांगता ते आपोआप १९९६ पर्यंत येतील. आले नाहीत, तर दुसऱ्या भेटीत विचारा: "काका, त्या दिवशी निबंधकाकडे जाताना बाबा तुमच्याशी काय बोलले?" आणि ते जे सांगतील ते मध्ये न बोलता पूर्ण ऐकून घ्या. घरी आल्यावर त्याच रात्री, झोपण्याआधी, वहीत उतरवा. सकाळपर्यंत थांबू नका.